चार पॉइंट शून्य सहा

१

शंकरपटातलं माझं काम तसं बिनडोक आहे. साडेतीनशे फुटांची सरळ धावपट्टी, सुरुवातीला दोन खांब, शेवटाला दोन खांब आणि खांबांवर सेन्सर. बैलजोडी हलका दोनचाकी छकडा घेऊन पहिल्या खांबांमधून सुटली की माझ्या मंडपातल्या फलकावर लाल आकडे धावायला लागतात. शेवटच्या खांबांमधून गेली की थांबतात. मी आकडा वहीत लिहितो, बटण दाबून फलकावर शून्य आणतो आणि पुढच्या जोडीची वाट पाहतो. दिवसाला साठ-सत्तर जोड्या होतात. मधल्या वेळात चहा, आणि ओळखीच्या लोकांची 'मास्तर, आमच्या जोडीले जरासा कमी टाइम दाखवजा' ही ठरलेली थट्टा.

यंत्र मीच जुळवलेलं. नांदगाव खंडेश्वरला शाळेत मी विज्ञान शिकवतो. पूर्वी पंच हातातल्या घड्याळांवर वेळ घ्यायचे आणि संध्याकाळी डोकी फुटायची. यंत्र आल्यापासून डोकी शाबूत आहेत. माझा सख्खा धाकटा भाऊ शिवम याच पटांमध्ये आमच्या घरची जोडी हाकायचा, नावाजलेला धुरकरी होता, तरी माझ्याकडे कधी कोणी बोट दाखवलं नाही. गजेंद्र मास्तर भावासाठीसुद्धा उन्नीस-बीस करणार नाही, असं लोक म्हणत. मला ते ऐकायला आवडायचं, कबूल करतो.

२

या जानेवारीत आमच्याच तालुक्यातल्या एका गावी पट होता. दुसरा दिवस, दुपारचा एक वाजला असेल. एकतिसावी जोडी धावून गेली होती आणि बत्तिसावी अजून जुंपायची होती. तिच्यातला एक बैल मानेवर जू घेत नव्हता, चार माणसं त्याच्या शिंगांना लोंबकळत होती. सगळ्या गर्दीचं लक्ष तिकडे. धावपट्टी पार मोकळी, तिच्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

'टीं' असा आवाज झाला. सुरुवातीचा सेन्सर असाच वाजतो. फलकावरचे आकडे धावायला लागले. चहाचा कप तोंडाशी नेला होता तो मी तसाच धरून बसलो. आकडे धावले, पुन्हा 'टीं' झालं आणि थांबले. ७.३१.

शेजारी किशोर माइकवर गावोगावच्या पाहुण्यांची नावं घेत होता. त्याने फलकाकडे पाहिलंही नाही. मी मनात हिशोब मांडला. ऊन आहे, धूळ आहे, एखादं पाखरू इकडून गेलं असेल आणि दुसरं तिकडून. वर्गातला पोरगा असं उत्तर देता तर मी त्याला बाकावर उभा केला असता. बटण दाबून शून्य आणलं आणि वहीच्या कडेला पेन्सिलीने 'सेन्सर दोष' असं लिहून तो आकडा टिपून ठेवला.

पाच मिनिटांनी बत्तिसावी जोडी सुटली. तिचा वेळ आला ७.३१.

योगायोग हा शब्द आम्ही विज्ञानवाले फार सढळ हाताने वापरतो. मीही वापरला.

३

तेहतिसाव्या जोडीच्या आधी पुन्हा तेच झालं. या वेळी मी फलकाकडे न बघता धावपट्टीकडे बघत होतो. तिथे काहीच नव्हतं, पण घुंगरांचा आवाज आला. मंडपामागे बांधलेल्या बैलांचा असेल असं म्हणून मी मागे वळून पाहिलं. ते बैल निवांत कडबा खात होते. आवाज समोरूनच येत होता, दूरवरून जवळ येत गेला, माझ्यासमोरून गेला आणि बंद झाला. फलकावर ६.९४. थोड्या वेळाने तेहतिसावी जोडी धावली ती नेमकी ६.९४ मध्ये.

मी उठलो. चारही सेन्सरच्या काचा रुमालाने पुसल्या. धावपट्टीच्या उजव्या कडेने, कठड्याच्या आतून गेलेली वायर हाताने चाचपत चालत गेलो. मध्यावर लोखंडी अँगलचा एक खांब होता, तिथे वायरला जॉइंट होता. तोही घट्ट होता. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. बिघाड सापडला असता तर मी आनंदाने घरी गेलो असतो.

चौतिसाव्या जोडीच्या आधी आवाज घुंगरांचा नव्हता. खूर वाजत होते, छकड्याची चाकं खडखडत होती, आणि मग एकदम काहीतरी जड आपटलं. त्यामागून एक हंबरडा आला, तो अर्ध्यातच तुटला. फलक थांबला होता ३.१८ वर.

मला तेव्हा खरं तर हायसंच वाटलं. साडेतीनशे फूट तीन सेकंदांत कापणारी जोडी अजून जन्माला यायची आहे. म्हणजे यंत्र बिघडलंय, असं म्हणत मी शून्य आणलं.

४

चौतिसावी जोडी श्याम नावाच्या धुरकऱ्याची होती. चांगली सुटली. मग डावा बैल अडखळला. त्याचा पुढचा पाय दुमडला आणि तो तोंडावर पडला. उजवा वेगात होता, त्याने जू तसंच पुढे ओढलं आणि पडलेल्याची मान पाठीकडे वळली. मान मोडल्याचा आवाज मंडपापर्यंत आला. छकडा उलटून दोघांवर चढला. श्याम हवेतून कठड्यावर फेकला गेला. बांबूची फोक त्याच्या मांडीतून आरपार निघाली होती आणि तो तिच्याकडे नुसता बघत बसला होता.

घसटत गेलेल्या छकड्याने वायर ओढली होती, त्यामुळे आकडे थांबले. हे अगदी शास्त्रशुद्ध कारण आहे. आकडा ३.१८ होता.

बैल वीस मिनिटं जिवंत होता. त्याच्या नाकातून रक्ताचे फुगे निघत होते, मागचे पाय आपले धावतच होते. जनावरांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ते थांबले. श्यामला गाडीत घालून अमरावतीला नेलं. बैलाला ट्रॅक्टरला बांधून ओढत बाजूला केलं, रक्तावर माती टाकली, वायर मी पुन्हा जोडली. तासाभराने किशोरने माइकवर पुढच्या जोडीचं नाव पुकारलं. एवढा जमलेला समाज, कोणाला परत पाठवणार, असं पंच म्हणाले.

मी यंत्राची वायर उपसली आणि बंद पडल्याचं सांगितलं. पंच म्हणाले, "मंग हातातल्या घड्याळावर घेऊ." आकडा मला दिसला नाही म्हणून तो टळणार होता थोडाच. मी वायर पुन्हा लावली. निदान कळेल तरी, असं मला वाटलं. माझी पहिली चूक इथेच झाली असावी, पण नक्की पहिली कोणती ते मला अजून ठरवता येत नाही.

५

पुढच्या सहा जोड्यांचे आकडे आधी दिसले आणि सहाही खरे निघाले. सगळे सात-आठ सेकंदांचे, सुखरूप. प्रत्येक वेळी शेवटचं 'टीं' होईपर्यंत मी मनात सेकंद मोजत बसायचो. एकेचाळिसावी जोडी आमची होती. शर्यतींवरच्या बंदीच्या वर्षांत लोकांनी पटाचे बैल विकून टाकले तेव्हा बाबांनी, खुशालरावांनी, सरकी आणि कणीक चारून आपले बैल राखले होते. आज शिवम ती जोडी घेऊन उभा होता आणि बाबा गुलाबी फेटा बांधून बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होते.

'टीं' झालं.

खूर, घुंगरं, चाकं. मग डाव्या बाजूच्या बाभळीवर बांधलेल्या भोंग्यातून एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडला. शब्द कळले नाहीत. त्यानंतर लोखंडावर काहीतरी धडकलं आणि एक ओला, गच्च आवाज झाला. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. फलक थांबला ४.०६ वर.

"किशोर, माइकवर कोण ओरडलं?"

"माइक बंद हाय मास्तर. पानी पिऊन राहिलो मी."

मी साडेतीनशे फूट धावत गेलो.

"शिवम, आज धावू नको."

"काहून दादा?"

काय सांगणार होतो मी? म्हटलं, "श्यामचं पाहिलंस ना."

तो हसला. "श्यामचा बैल पायात कच्चा होता, सारे सांगत होते. आपला शेऱ्या थोडीच कच्चा हाय? तू मंडपात बस, तुहा चेहरा पाह्यला त बैल बिचकतीन."

बाबा म्हणाले, "गजू, बंदीत सात वर्सं अशा दिवसाची वाट पाह्यली म्या. आता अपशकुन नोको करू."

त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मोडायची ताकद माझ्यात नव्हती. मग मी दुसरा रस्ता धरला. शिवमने आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला होता. मी म्हणालो, "बरं, धाव. पण मधल्या खांबाजवळचा जॉइंट ढिला झालाय. तुझा वेळ अर्ध्यातच थांबला तर लोक माझ्यावर शंका घेतील. एक जोडी जाऊ दे, तेवढा वेळ तू तो जॉइंट दाबून धर. कुठे हलतोय ते तुलाच कळेल. मग घट्ट कर आणि धाव."

त्याला ते लगेच पटलं. वेळेच्या बाबतीत तो माझ्याइतकाच काटेकोर होता. बाबांच्या हाती कासरा देऊन, खिशातली पक्कड चाचपत तो निघाला.

आमच्या मागे चंदनची जोडी जुंपून तयार होती. चंदन म्हणजे आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या माणिकबाईंचा मुलगा. बावीस वर्षांचा, मामाचे बैल मागून आणलेला, पहिल्याच मोठ्या पटाला आलेला. मी त्याला म्हणालो, "चंदन, आता तू घे."

"मी? आत्ताच?" तो एवढा खूश झाला की त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी काय करत होतो ते मला पुरतं ठाऊक होतं. आकडा शिवमचा नाही, पुढच्या जोडीचा आहे, आणि पुढची जोडी कोणती हे माझ्या हातात आहे, एवढं साधं गणित मी सोडवलं होतं. गोंधळलो होतो, भान हरपलं होतं, असं म्हणायची मला सोय नाही.

६

मंडपाकडे परत येताना कठड्यापाशी माणिकबाई दिसल्या. पदराच्या ओच्यात बोरं होती.

"मास्तर, चंदनचा नंबर लागला मंते आता? मले त इथून दिसतच नाई नीट. पडन नाई ना वो तो?"

"नाही पडणार," मी म्हणालो. त्यांनी मूठभर बोरं माझ्या हातात कोंबली.

मंडपात बसलो तेव्हाही ती मुठीत होती. समोर धावपट्टी. मध्यावर उजव्या बाजूला, कठड्याच्या आत, शिवम खांबापाशी उकिडवा बसून जॉइंट दाबून होता. त्याने मला अंगठा दाखवला. तो छकड्यावर नव्हता, जमिनीवर होता, सुरक्षित होता. किशोरने नाव पुकारलं आणि जोडी सुटली.

'टीं'.

एक सेकंद. चंदन पोटावर वाकून बैलांना साद घालत होता. दोन सेकंद. कठड्यापाशी टाचा उंचावून उभी असलेली त्याची आई मला दिसली. तिथे माझ्यातलं काय फाटलं ते मला सांगता येणार नाही. मी किशोरच्या हातातून माइक हिसकावला आणि ओरडलो, "चंदन, उडी मार! उडी मार!"

भोंगा बाभळीवर होता, डाव्या बाजूला, बैलांच्या कानाशी. त्यातून निघालेला आवाज मी ओळखला. काही मिनिटांपूर्वी मी तो ऐकला होता.

चंदनने उडी मारली. खांद्यावर आपटून तो कोलांट्या खात कठड्याला जाऊन लागला. डावा बैल भोंग्याला बुजला, त्याने अंग चोरून उजव्यावर रेटा दिला आणि बिनधुरकऱ्याची जोडी भरधाव उजवीकडे वळली.

शिवम उठायच्या बेतात होता. उजव्या बैलाचं शिंग त्याच्या काखेत शिरलं. त्याने तो उचलला गेला आणि मग जुवाच्या टोकाने त्याला लोखंडी खांबावर दाबलं. खांब वाकला. बैल थांबत नव्हते, पाय रोवून पुढेच ढकलत होते. ओला, गच्च आवाज झाला. तो आवाज माझ्या भावाच्या छातीचा होता. मग छकडा मागून आदळला आणि मला त्याचे फक्त पाय दिसले, एका पायात चप्पल होती.

आकडे थांबले होते. जॉइंट तुटला होता, दुसरं काय होणार. मी फलकाकडे पाहिलं नाही. किशोरने पाहिलं आणि सवयीने, स्वतःला कळायच्या आत, वाचूनही दाखवलं. "चार पॉइंट शून्य सहा."

धावपट्टीच्या त्या टोकाहून बाबा धावत येत होते. फेटा सुटून त्यांच्या मागे लोळत होता. ते शिवमच्या नावाने नाही, चंदनच्या नावाने ओरडत होते. छकड्याखाली तोच सापडला असं त्यांना वाटलं असावं. छकड्याआड शिवम आहे हे त्यांना त्या टोकाहून कुठे दिसलं होतं. खांबापासून शिवमला सोडवायला सहा माणसं लागली. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. तोंडात रक्त आणि माती होती आणि तो काहीतरी बोलू बघत होता. मी कान लावला. शब्द आला नाही, नुसती हवा बाहेर पडली, आणि पुन्हा आत गेली नाही.

७

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो. बैठकीत बाबा भिंतीला टेकून बसले होते. येणारे येत होते, बसत होते, उठत होते. पोलिसांनी जबाब घेतला होता. बैल बुजले, अपघात, असं त्यांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली.

दुपारी माणिकबाई चंदनला घेऊन आल्या. त्याचा हात प्लास्टरमध्ये, गाल सोलून निघालेला. त्या सरळ माझ्यापाशी आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी माझ्या दोन्ही पावलांवर डोकं ठेवलं.

"तुमच्या घरचा दिवा गेला, मास्तर, अन् मी कोन्या तोंडानं येऊ. पन तुमी ओरडले मनून माहा पोट्टा वाचला. छकड्यावर असता त चेंदला असता. देवानं तुमच्या तोंडून सांगतलं त्याले."

मी पाय मागे घेऊ शकलो नाही. बाबा माझ्याकडे बघत होते. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काहीतरी मऊ आलं होतं.

आतल्या दारात शिवमची बायको दामिनी उभी होती. लग्नाला दीड वर्ष झालं, पण घरच्या रीतीप्रमाणे ती माझ्याशी, भासऱ्याशी म्हणजे थोरल्या दिराशी, कधी थेट बोलली नव्हती. काही असलं तर शिवममार्फत. आता मधे कोणी नव्हतं.

"त्याइची जोडी जुंपेल होती," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "मंग त्याइले त्या खांबापाशी कोनं बसवलं?"

मग चंदनने मान वर केली. बिचाऱ्याला वाटलं, आपण मास्तरांची बाजू सांगतोय.

"मास्तरनंच, वहिनी. वायर ढिली होती ना. मनून त मास्तरनं त्याइच्या जागी मले सोडलं."

माणिकबाईंचे हात माझ्या पावलांवर होते. ते तसेच राहिले, फक्त हळूहळू त्यांतली ऊब कमी झाल्यासारखी वाटली. मग त्यांनी ते उचलले. माझ्याकडे न बघता उठल्या, चंदनचा चांगला हात धरला, म्हणाल्या, "चाल." दोघं अंगणात उतरली.

दामिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "दोन दिवस झाले, मी तुमच्याकडं पाहून राहिली," ती म्हणाली. "तुमी रडता तसं मानूस भाऊ मेल्यावर रडत नाई. अन् बैल बुजाच्या आधीच तुमी 'उडी मार' मनून ओरडले. तुमाले मालूम होतं काय? कोनीतरी मरनार हाय हे?"

मला खोटं बोलता आलं असतं. बाबांसाठी तरी बोलायला हवं होतं. पण ते ओझं मला आणखी एक क्षणही उचलवेना.

"हो," मी म्हणालो. "पण मला वाटलं होतं, चंदन मरेल."

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाहेर अंगणात माणिकबाई खाली वाकून चंदनच्या पायात चप्पल घालत होत्या, त्याला एका हाताने जमत नव्हतं म्हणून. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी दुसरी चप्पलही नीट घातली, अंगठा आत बसला की नाही ते चाचपून पाहिलं, आणि त्याला घेऊन फाटकाबाहेर गेल्या.